डॉक्टर ठवकरांचं भेव

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर ठवकर होते, तेव्हा गावात त्यांना दोन नावं होती. तोंडावर लोक ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘भेकड डॉक्टर’. दुसरं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि ते चुकीचं आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

इतर डॉक्टर रोग्याला धीर देत. ठवकर खाटेजवळ स्टूल ओढत, रोग्याचं मनगट हातात घेऊन बसत, आणि बऱ्याच वेळाने नातेवाइकांकडे वळून सरळ सांगत, “मले भेव वाटून राह्यलं.” हे ऐकायला कुणी दवाखान्यात येत नाही. माणूस घरून भीती घेऊनच येतो, ती डॉक्टरच्या टेबलावर ठेवून त्याला परत जायचं असतं. ठवकर ती ठेवून घेत नसत. उलट तिच्यात आपली घालत.

मी त्या वेळी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करायचो. पुरुषांच्या वॉर्डाचं छप्पर गळत होतं, त्याचं माप घ्यायला एकदा गेलो असताना हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला. किरनापूरकडचे एक मालगुजार, जुने जमीनदार, खाटेवर बसले होते. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालं होतं आणि छातीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. स्वतःच्या पायांनी चालत आले होते. बायको शेजारी उभी होती.

“वायू धरला जी,” मालगुजार म्हणाले. “एक पुडी द्या अन् सोडा.”

“पुडी देतो. पन सोडत नाही. तीन हप्ते या खाटेवरून उठायचं नाही.”

“काहून?”

“तुमच्या काळजाचं मले भेव वाटते.”

“भेव तुमाले वाटते, त तुम्ही झोपा ना खाटेवर! मी काहून झोपू?”

सगळा वॉर्ड हसला. ठवकरही हसले, पण त्यांनी मनगट सोडलं नाही. मालगुजार उठायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोने नवऱ्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती जोडे उचलून घेऊन गेली. अनवाणी मालगुजार गावातून कसे जाणार? ते राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ निळे पडले, घामाने गादी भिजली, आणि तो सबंध दिवस ठवकर स्टुलावरून हलले नाहीत. तीन आठवड्यांनी मालगुजार घरी गेले आणि बाजारात सांगत सुटले, “मले काहीच झालं नव्हतं. त्या भेकडानं उगाच झोपवून ठेवलं.”

मी हे ठवकरांना सांगितलं. त्यांना आनंद झाला. “जिता हाय म्हणून बोलून राह्यला, वानखेडे बाबू.”

सरकारी चाळीत त्यांचं घर माझ्या घराला लागून होतं. ते आणि त्यांची आई, दोघंच. बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत टायफॉइडने गेली होती, तेव्हा ते अजून शिकत होते. लोक म्हणत, त्यामुळेच ते असे झाले. मी एकदा तसं त्यांच्या आईजवळ बोललो, तर म्हातारीने मला उडवून लावलं.

“कायचं जी! लहानपनापासून तसाच हाय तो. विहिरीत वाकून पाहे नाही. बैलाच्या मागून जाये नाही. शाळेतून येताना नाला लागे, त पानी घोट्याएवढं असलं तरी काठीनं चाचपून पाहे. त्याच्या बापानं डोक्शाले हात लावला होता, हा वावर काय करन म्हणून. मंग मास्तर म्हणे, याले शिकवा.”

शिकायला ते नागपूरला गेले. तिथे त्यांना एक प्रोफेसर भेटले. त्यांचं नाव ठवकर घेत नसत, नुसतं ‘सर’ म्हणत, आणि म्हणताना बसलेले असले तर थोडे सरळ होत. सर वॉर्डात फिरताना विद्यार्थ्याला रोगाचं नाव विचारत नसत. विचारत, “या माणसाच्या बाबतीत तुला भीती कशाची वाटते?” आपल्याला भीती वाटत नाही असं जो सांगेल त्याला ते पुन्हा खाटेजवळ उभं करत, आणि बाकीचा वर्ग पुढे जाई. हुशार मुलांच्या अशा बऱ्याच दुपारी खाटेजवळ गेल्या. ठवकरांवर ती वेळ कधी आली नाही. “मले भेव वाटत नाही असं मी कवाच म्हटलं नाही,” ते सांगत. “मले फक्त शिकाचं होतं, का कायचं वाटून राह्यलं.”

हे शिकायला मात्र त्यांनी फार कष्ट घेतले. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकायचं आणि आवाजावरून आत पाणी आहे, हवा आहे की काळीज वाढलं आहे ते ओळखायचं, ही विद्या त्यांना लवकर जमेना. सुट्टीत घरी आले की ते धानाच्या ढोल्या ठोकत. बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या त्या मोठ्या ढोलीत धान कुठपर्यंत आहे ते वरून खाली ठोकत यायचं, कोळशाने रेघ मारायची, मग झाकण काढून बघायचं. आई म्हणे, “डाक्टरी शिकाले गेला अन् ढोल्या बडवत बसला. मोहल्ला म्हणे, पोरगं बिघडलं.” मी मापाचा माणूस, मला हे फार आवडलं. आमच्या चाळीतली पाण्याची टाकी ते असंच ठोकून सांगत, आणि मी शिडी लावून पट्टीने पडताळून बघे. बोटभर इकडेतिकडे होई, जास्त नाही.

त्यांनी एम.डी. केलं आणि बालाघाटला आले. लगेचच, छप्पन साली, राज्यांच्या सीमा फिरल्या. नागपूर सीमेपलीकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी राज्यात राहिलो. मराठी बोलणाऱ्या बऱ्याच नोकरदारांनी पलीकडे जायचा अर्ज केला. ठवकरांनी केला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “अर्ज कराचं भेव वाटलं.” ही थट्टा होती की काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा एक स्वभाव मात्र चाळीला जाचक होता. दवाखान्याबाहेरही त्यांचे डोळे बंद होत नसत. समोरच्याशी बोलताना ते त्याच्या मानेवरची शीर बघत, नखं बघत, पायावर सूज आहे का ते बघत. एका मांडवात त्यांनी वरबापाला आहेर दिला आणि त्याच दमात विचारलं, “रात्री किती खेपा उठता जी लघवीले?” वरबाप सगळ्या पंगतीसमोर लाल झाला, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला आणि त्याला साखरेचा रोग निघाला. तेव्हापासून ठवकर दिसले की बायका हात पदराखाली घेत आणि पुरुष उगीच छाती पुढे काढून चालत. सगळे हसत, पण आतून टरकत. त्यांची नजर आपल्यावरून सरकून दुसऱ्यावर गेली की बरं वाटे.

माझं लग्न झालं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. बायको शकुंतला रामपायलीची. गोरी, आणि गालांवर लाली अशी की दाखवायच्या कार्यक्रमात माझ्या मावशीने त्या गालांकडे बघूनच होकार दिला होता. लग्नानंतर काही दिवसांनी मी ठवकरांना चहाला बोलावलं. शकुंतला कपबशा घेऊन आली. ठवकरांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आत गेल्यावरही ते दाराकडेच बघत राहिले. चहा तसाच राहिला.

आजवर ती नजर मी दुसऱ्यांवर पाहिली होती.

“वहिनी,” त्यांनी तिथूनच विचारलं, “लहानपनी सांधे सुजले होते काय कधी? ताप येऊन?”

“हौ,” आतून आवाज आला. “चौथीत होते तवा. दोन महिने शाळा बुडाली.”

“अन् आता पानी भरताना दम लागते?”

ती दारात आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “लागते.”

मला हे माहीत नव्हतं. ती लपवत होती, नव्या घरात कोण सांगेल? ठवकरांनी तिला दवाखान्यात तपासलं आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. लहानपणीच्या त्या तापाने हृदयातली एक झडप आकसली होती. दार पूर्ण उघडत नाही, रक्त अलीकडे साचतं, गालांवरची लाली त्याचीच. “आता काही नाही,” ते म्हणाले, “पन लेकरू राह्यलं त मले भेव आहे. रक्त वाढते तवा अंगात. दार तेवढंच राहते.”

ते हे म्हणाले तेव्हा लेकरू राहिलेलं होतं. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते लिहून उपयोग नाही. कचेरीत बेरजा चुकू लागल्या. घरी तिच्या श्वासाकडे माझा कान असे. सातव्या महिन्यात सासरे दमणी जुंपून दारात आले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारण्यासारखं काय होतं? गाडीत गादी होती, उशा होत्या, आणि बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं. ठवकर पायजमा-बनियनवर आपल्या ओट्यावरून उतरले आणि दमणीच्या जूवर हात ठेवून उभे राहिले.

“पाटील, पोरगी जाणार नाही.”

“तुम्ही कोण जी सांगनार? जावई बोलन.”

जावई बोलला नाही. मी दमणीतल्या उशा मोजत होतो.

“तिथं दायी हाय,” सासरे म्हणाले. “पन्नास बाळंतपनं केली तिनं.”

“तिच्या हातगुणाचं मले भेव नाही. लेकराचंही नाही. लेकरू झाल्यावरच्या घंट्याभराचं हाय. त्या वक्ताले मी जवळ पाह्यजे, अन् मी रामपायलीले नाही.”

“डाक्टरच भेते, त मंग पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवू?”

“जो भेत नाही त्याच्या भरवशावर नोका ठेवू, पाटील.”

सासऱ्यांनी बैलांच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी बैल सोडले आणि गादी आमच्या घरात आणून टाकली. सोबत आलेल्या सासूबाई आमच्याकडेच राहिल्या.

बाळंतपण दवाखान्यात दिवसाउजेडी झालं, दुपारी. लेडी डॉक्टरांनी केलं. मुलगी झाली. ठवकर सकाळपासून तिथे होते. शकुंतलेला पाठीशी उशांचा ढीग लावून बसतं ठेवायचं, आडवी करायची नाही, असं त्यांनी नर्सला, मला आणि सासूबाईंना वेगवेगळं सांगितलं. मग बाहेरच्या वॉर्डात आकडीचे झटके येणारं एक पोर आणलं म्हणून त्यांना बोलावणं आलं आणि ते गेले. मी मुलीचं तोंड बघायला पलीकडच्या खोलीत गेलो.

सासूबाईंनी जे केलं ते आमच्याकडच्या कुठल्याही आईने केलं असतं. बाळंतीण उशांना टेकून बसलेली त्यांना बघवेना. बाळंतिणीने सपाट निजावं, पोट आवळून बांधावं, नाहीतर पोटात वारा शिरतो. नर्स गरम पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी मायेने उशा काढल्या, लेकीला सपाट निजवलं आणि घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पोट आवळायला घेतलं.

मी परत आलो तर शकुंतला खोकत होती. मग खोकला थांबला आणि एक आवाज सुरू झाला, छातीच्या तळाशी बुडबुडे आल्यासारखा. तिने माझ्याकडे बघितलं. बुडणाऱ्या माणसाचे डोळे मी वैनगंगेवर एकदा पाहिले होते, हे तसे होते, आणि खोलीत पाणी नव्हतं. ओठांच्या कडेला गुलाबी फेस आला. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही.

ठवकर पळत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या चेहऱ्याखाली त्यांचे हात मात्र शांतपणे काम करत होते. त्यांनी तिला उचलून बसतं केलं, पाय खाटेखाली लोंबते सोडले, इंजेक्शन दिलं, प्राणवायूची नळी लावली. मग पोटाचे पट्टे एका झटक्यात सोडले आणि सासूबाईंकडे वळले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“माय, हे पट्टे चांगले हायेत. इकडे या.”

त्यांनी लुगड्याचा एक पट्टा तिच्या मांडीला आवळला, दुसरा दुसऱ्या मांडीला, तिसरा दंडाला. हातापायांतलं रक्त तिथेच अडवून ठेवायचं म्हणजे काळजावरचा भार कमी होतो. पण कुठलाही पट्टा फार वेळ ठेवायचा नाही. एक सोडायचा, चौथ्या जागी बांधायचा, मग पुढचा, असं फिरत राहायचं.

“मी ‘सोडा’ म्हटलं का सोडा. ‘बांधा’ म्हटलं का बांधा. माय डावीकडे. बाबू, तुम्ही उजवीकडे.”

“मले हात लावू नोका देऊ जी,” सासूबाई रडायला लागल्या. “मीच निजवलं तिले.”

“मंग तुमीच बसवा. सोडा डाव्या मांडीचा.”

त्यांनी सोडला. त्यानंतर त्या खोलीत ‘सोडा’ आणि ‘बांधा’ याशिवाय कुणी काही बोललं नाही. ठवकरांचा एक हात तिच्या मनगटावर आणि कान तिच्या पाठीला. बुडबुड्यांचा आवाज कधी वर चढे, कधी जरा उतरे, आणि तो चढला की माझी बोटं गाठ विसरत. शेजारच्या खोलीत माझी मुलगी रडत होती आणि मला तिचा राग येत होता, कारण त्या रडण्यात हा आवाज नीट ऐकू येत नव्हता.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं तेव्हा शकुंतलेने पहिल्यांदा पुरा श्वास घेतला आणि म्हणाली, “आई, पाय दुखते.” ठवकर उठले, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठीवरचा शर्ट घामाने चिकटला होता. सासूबाईंना ते यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. पुढे त्या बालाघाटला आल्या की आमच्याआधी ठवकरांच्या आईकडे उतरत.

मुलगी चालायला लागली तेव्हा ठवकर एका संध्याकाळी येऊन बसले. आता मद्रासकडे एका मोठ्या दवाखान्यात ही झडप उघडतात, म्हणाले. छाती उघडून, चालत्या हृदयात सर्जन बोट घालतो आणि चिकटलेलं दार फाकवतो.

“बोट?” मी विचारलं.

“हौ, बोट.”

“शंभरात किती वाचतात?”

“आकडा मी सांगणार नाही, बाबू. तुम्ही त्यालेच धरून बसाल. अन् वहिनी शंभर नाहीत.”

“तुम्हाला भीती कशाची वाटते?”

“बोट घातल्यावर दार फाटण्याचं. अन् तुम्ही नाही गेले, त पुढच्या बाळंतपणाचं. दोन्हीचं वाटते. दुसऱ्याचं जास्त.”

मला जावं असंही म्हणवेना, जाऊ नये असंही. शकुंतला चुलीजवळून म्हणाली, “जाते मी. पोरगी पळाले लागली. तिच्यामागं मले धावता येत नाही.”

ती वाचली, हे सांगून टाकतो. आज मुलगी कॉलेजात आहे आणि शकुंतला आत्ताच बाजारातून पिशवी घेऊन आली. तरी ती पायऱ्या चढते तेव्हा मी पेपर खाली ठेवतो आणि ती वर पोचेपर्यंत मला ओळ वाचता येत नाही. आम्ही परत आलो तेव्हा शेजारच्या घराला कुलूप होतं. ठवकरांची बस्तरकडे बदली झाली होती, आईलाही घेऊन गेले होते. उघडलेली झडप त्यांना कधी कानाने ऐकता आली नाही. बस्तरहून आलेला आमच्या खात्यातला एक ओव्हरसिअर सांगत होता की तिथल्या दवाखान्यात एक विचित्र डॉक्टर आहे, रोग्यापेक्षा तोच जास्त घाबरतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आम्ही मद्रासकडे निघालो त्या सकाळी, बालाघाट स्टेशनावर. गोंदियाची छोटी गाडी उभी होती. मुलीला कडेवर घेऊन सासूबाई फलाटावर, रडू दाबत. मी आत सामान लावत होतो, पण काय कुठे ठेवतोय ते मला दिसत नव्हतं. दवाखान्याच्या फेरीची वेळ होती, म्हणून ठवकर येणार नव्हते. गार्डने झेंडी उलगडली तेव्हा ते गळ्यात तपासायची नळी तशीच, धापा टाकत आले, खिडकीशी उभे राहिले आणि हात पुढे केला. शकुंतलेने आपला हात बाहेर दिला. त्यांनी मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं.

गाडी हलली.

“डॉक्टरसाहेब, सोडा आता,” मी म्हणालो.

“थांबा जी,” ते म्हणाले आणि चालू लागले. गाडी हळू होती, तेही हळू चालले. मग त्यांची पावलं लांब झाली. लोक बाजूला होत होते, एका हमालाने शिवी दिली, त्यांना ऐकू आली नाही. शकुंतला हात ओढून घेत नव्हती. फलाट संपला, उतार लागला, ते गिट्टीवर उतरले आणि दोनचार पावलं तिथेही आले. मग हात सुटला.

मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, “किती?”

त्यांनी वर बघितलं नाही. रुळाशेजारी गिट्टीत उभे होते, नजर घड्याळावर, आणि उजव्या हाताची तीन बोटं, मनगट धरलेली असावीत तशी, हवेत तशीच होती.